तुझ्या यादीतलं नाव शेजारणीच्याही यादीत आहे

पत्र थोडक्यात असं: वय एकतीस, मुक्काम वाकड, सातवा महिना चालू, पहिलंच बाळ. हिच्या चौथीच्या वर्गात चार पूजा होत्या. मोठी पूजा, चष्मेवाली पूजा, पूजा जी. आणि ही. बाईंनी हाक मारली की चौघी उभ्या राहायच्या. आपल्या बाळाचं नाव असं सरसकट नसेल, हे हिनं लग्नाआधीच ठरवलं होतं. तीन वर्षांपूर्वी दोघांनी 'इरा' हे नाव पक्कं केलं आणि कुणाला न सांगता जपून ठेवलं. गेल्या वर्षभरात चुलत जावेकडे इरा झाली, सोसायटीत आणखी दोन झाल्या. नवरा डेटाच्या कामात आहे. त्यानं आता दोनशे चौदा नावांची एक्सेल शीट केली आहे आणि येत्या पाच-सात वर्षांत कोणतं नाव किती चालेल, याचे गुण देत बसतो. सासूबाई म्हणतात, मुलगी झाली तर माझ्या आईचं, यमुना हे नाव ठेवा. नणंद म्हणते, आत्याचा मान माझा, मी 'कियांशी' आणणार. प्रश्न असा, की पुढे कोणती नावं फॅशनमध्ये येणार हे आधी ओळखता येतं का? म्हणजे ती टाळता येतील.

पत्राची सुरुवात तू 'बाई' अशी केलीस, म्हणून तुला 'तू'च म्हणते. 'माझं नाव छापू नका' असं शेवटी लिहिलं आहेस. पण पूजा एवढंच छापलं तर तुला ओळखणार कोण? सरसकट नावाचा हा एक फायदा झाला, आधी तो तुझ्या खात्यावर जमा करून घे.

एकतीस वर्षं मी मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. नावांची फॅशन बघायला हजेरीपटासारखी जागा नाही. १९८७ साली माझ्या पहिल्या पटावर संतोष, सचिन, राहुल, सुनीता, मनीषा, वैशाली होते. मग अक्षय, शुभम, पूजा, प्रियांका, अश्विनी यांची लाट आली. त्यामागून ओंकार, अथर्व, साक्षी, सिद्धी, वैष्णवी. २०१८ साली शेवटची हजेरी घेतली तेव्हा आरोही होत्या, स्वरा होत्या, शौर्य होते आणि एका वर्गात तीन आराध्या होत्या. बच्चनांच्या घरी नोव्हेंबर २०११ मध्ये नात आली, तिचं नाव त्यांनी आराध्या ठेवलं, आणि सहा वर्षांनी त्या बारशाचा हिशेब माझ्या पटावर आला. एवढे पट पाहिल्यावर तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं द्यावंसं वाटतं: चाल ओळखता येते, नाव ओळखता येत नाही.

चाल म्हणजे काय ते आधी सांगते. नावं एकेकटी येत नाहीत, आवाजांच्या टोळीनं येतात. रिया, सिया, मीरा, मायरा, कियारा हे कानावरून जात राहिलं की 'इरा' ऐकताना कानाला ते नवंही वाटतं आणि ओळखीचंही. नेमकं असंच नाव आई-बापांना आवडतं. अमेरिकेत २००५ साली कॅटरीना चक्रीवादळानं हाहाकार केला. त्यानंतर मुलीचं नाव कॅटरीना ठेवायला कोण धजणार? पण 'क'च्या आवाजानं सुरू होणारी इतर नावं मात्र वाढली. दिवसरात्र बातम्यांतून तो आवाज कानांवर आदळत होता, त्याचा हा परिणाम. संशोधक जोना बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे आकड्यांनिशी मांडलं.

आपल्याकडची चाल मी पटावरून सांगू शकते. नाव दोन-तीन अक्षरी. मुलीचं असेल तर शेवटी आ किंवा ई. सुरुवातीला बहुधा अ, आ किंवा इ. मधे य, र, व, श, न अशी मऊ अक्षरं, आणि जोडाक्षर असलंच तर 'अन्वी'तल्यासारखं ओठांवरून घसरणारं. ठ, ढ, ण मागे पडले. ळ तर जवळपास हद्दपार झाला, कारण त्याचं स्पेलिंग इंग्रजीत करता येत नाही आणि परदेशातल्या काकाला तो उच्चारता येत नाही. आजीच्या पिढीत विठा, ठकू, गोपाळ, धोंडू सहज खपून जायचे. आज बाळाचं नाव देवनागरीत आवडण्याआधी पासपोर्टवर कसं दिसेल हे बघितलं जातं. ही चाल आणखी काही वर्षं तरी टिकेल, असं मी छातीठोकपणे सांगते. पण त्या चालीतलं कुठलं नाव वर येईल, हे मला विचारशील तर मी हात वर करते.

माझ्यापेक्षा हुशार माणसांनीही हात वर करायला हवे होते. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि पत्रकार स्टीफन डबनर यांनी २००५ साली एक यादी दिली होती, की दहा वर्षांनी अमेरिकेत ही नावं जोरात असतील. त्यातली एमा, एव्हा, लिअम खरोखरच २०१५ च्या पहिल्या दहांत होती. वाहवा झाली. पण जरा जवळ जाऊन बघ: एमा तर यादी निघाली त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर होती. ते भाकीत कसलं, ती बातमीच होती. त्याच यादीतली अविवा, वेव्हर्ली पहिल्या दहांच्या आसपासही फिरकली नाहीत. आणि हार्परची तर गंमतच झाली. त्यांनी ते मुलग्यांच्या यादीत घातलं होतं. २०१५ मध्ये ते पहिल्या दहांत आलं खरं, पण मुलींच्या. नवऱ्याला हे वाचून दाखव. दोनशे चौदा ओळींची शीट बंद करायला तो लगेच तयार होणार नाही, पण दोन मिनिटं गप्प बसेल.

त्याला आणखी एकाची गोष्ट सांग. मायकल शॅकलफोर्ड हा अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागात आकडेमोडीचं काम करायचा. १९९७ च्या सुमारास त्याच्या घरी बाळ येणार होतं. स्वतःचं नाव मायकल, म्हणजे आपल्याकडच्या पूजासारखंच, जिकडेतिकडे. बाळाला तरी सरसकट नाव नको म्हणून त्यानं खात्यातल्या नोंदी काढून नावांची क्रमवारी लावली आणि ती सगळ्यांसाठी खुली केली. तिथे ती यादी आता दरवर्षी निघते आणि लाखो आई-बाप ती बघून नाव ठरवतात. म्हणजे वरची नावं टाळायला सगळेच निघतात आणि चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकावरच्या त्याच त्या गोड नावांपाशी एकमेकांना भेटतात. आपल्याकडे जन्माची नोंद होते, पण नावांची अशी सरकारी क्रमवारी दरवर्षी निघत नाही. तेव्हा शीटमधले आकडे कुठून आले, हे त्याला एकदा विचार. गूगलवर किती जणांनी शोधलं यावरून असतील, तर ते आकडे तुमच्यासारख्याच जोडप्यांनी रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून केलेले आहेत.

आता मुद्द्यावर येते. 'इरा' तुमच्याकडून कुणी चोरली, असा तुझ्या पत्राचा सूर आहे. चुलत जावेवर थोडा रागही दिसतो. पण तिला तुमचं गुपित ठाऊक नव्हतं, हे तूच लिहिलं आहेस. मग नाव तिच्यापर्यंत गेलं कसं? ज्या वाटेनं तुमच्यापर्यंत आलं, त्याच वाटेनं. तुम्ही एकाच वयाच्या, एकाच तऱ्हेच्या शाळेत शिकलेल्या, त्याच मालिका, तीच गाणी, तीच नावांची ॲप. तुझी आवड तुझी आहे, पण ती तुझ्या एकटीची नाही. एखादं नाव 'वेगळं आणि तरी गोड' वाटलं, की ते याच क्षणी आणखी हजार जणींना तसंच वाटत असतं. तुझ्या आईचंही असंच झालं असणार. तिनं पूजा ठेवलं ते शेजारणीचं बघून नव्हे. तिलाही ते ताजं वाटलं होतं. एकदा विचारून बघ.

प्रसिद्ध माणसामुळे नाव पसरतं हेही अर्धंच खरं. आराध्याचं उदाहरण मीच दिलं, पण सचिनचं बघ. सचिन तेंडुलकर पहिली कसोटी खेळला नोव्हेंबर १९८९ मध्ये. माझ्या १९८७ च्या पटावर सचिन त्याच्या आधीपासून बसलेले होते. तो स्वतः १९७३ चा, आणि वडिलांनी त्याचं नाव ठेवलं संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून. नाव आधीच चढणीला लागलं होतं, त्या चढणीवरच्या हजारो सचिनांपैकी एक जगप्रसिद्ध झाला. त्यामुळे 'अमुक नटीनं मुलीचं नाव तमुक ठेवलं, आता ते बाद' असं करत बसू नकोस. पुष्कळदा ती नटीही तुझ्यासारखीच त्या लाटेवर आलेली असते.

मग टाळायचं काही असतंच का? एक गोष्ट असते. नाव किती उंच गेलं आहे हे बघू नकोस, किती वेगानं गेलं ते बघ. बर्गर आणि गाएल ल मां यांनी फ्रान्स आणि अमेरिकेतल्या जुन्या नोंदी तपासून २००९ मध्ये दाखवलं, की जी नावं झपाट्यानं वर जातात ती झपाट्यानंच खाली येतात. वेग दिसला की लोकांना ते नाव 'चार दिवसांचं' वाटू लागतं आणि पुढचे आई-बाप बिचकतात. हे घरच्या घरी तपासता येतं. जे नाव तीन वर्षांपूर्वी कधी ऐकलंच नव्हतं आणि या वर्षी चार बारशांत ऐकलं, त्या नावावर विसाव्या वर्षी जन्मसालाचा शिक्का बसलेला असेल. 'कियांशी' मला त्यातलं वाटतं. उलट मीरा, राधा, उमा, गौरी, माधव, केशव ही नावं कधी खूप वर गेली नाहीत आणि कधी पार खालीही गेली नाहीत. ती ऐकून माणूस सहा वर्षांचा आहे की साठ, हे सांगता येत नाही. तुझी 'इरा' या दोन्हींच्या मधे आहे.

यमुनेचं मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण पत्रात तू तिला एका ओळीत उडवलंस. 'सासूबाईंचं जुनाट नाव' म्हणालीस. जुनाट कुठलं आणि जुनं कुठलं, याचाही एक हिशेब असतो. आईच्या वयाच्या बायकांची नावं आपल्याला जुनाट वाटतात, कारण ती नावं आपण हिशेबाच्या वह्या, बँकेच्या रांगा आणि स्टाफरूम यांच्यासकट बघितलेली असतात. संगीता, सुनीता, अनिता, मनीषा यांच्या वाट्याला अजून बराच वनवास आहे. आजीची नावं त्याहून थोडी पलीकडची. आणि पणजीची नावं? त्या चेहऱ्यांची आठवणच कुणाला उरलेली नसते, म्हणून ती पुन्हा कोरी होतात. रमा, जानकी, अहिल्या, मुक्ता, रुक्मिणी अशाच परत आल्या. पैज लावायला सांगितलीस तर मी तारा आणि लीला यांच्यावर लावीन. दोन अक्षरी, मऊ, आणि पासपोर्टवर न अडखळणारी. मालती येईल, पण शहरातल्या दोन-चार हौशी घरांतच. कुसुम, विमल, सिंधू अजून थांबतील. मुलांत राघव आलाच आहे. वसंत परत यावा असं मला फार वाटतं, पण ती माझी इच्छा झाली, त्याला अंदाज म्हणू नकोस. गंगा, गोदावरी, यमुना या नद्यांच्या रांगेत रेवा आधी वर आली, कारण ती दोन मऊ अक्षरांत बसते. यमुना अजून मागे आहे. म्हणजे तुला जे नाव हवं आहे, पुढची दहा वर्षं वर्गात एकटंच असेल असं, ते सासूबाईंनी फुकट देऊ केलं आहे. ठेवच असं मी म्हणत नाही. पण 'वेगळं हवं' ही अट खरी असती तर यमुना शीटमध्ये पहिली आली असती. ती शीटमध्ये नाहीच. म्हणजे तुला वेगळं नको आहे. सगळ्यांना आवडेल पण कुणाकडे नसेल असं हवं आहे. तसं नाव फार तर सहा महिने टिकतं.

चार पूजांची भीती मात्र मनातून काढून टाक. तो काळ गेला. अमेरिकेत १८८० साली शंभर मुलग्यांत आठ जॉन असायचे. आज पहिल्या क्रमांकावरच्या लिअमच्या वाट्याला शंभरात जेमतेम एक येतो. नावांचं भांडार वाढलं, त्यामुळे सगळ्यात गाजलेलं नावही विरळ झालं. आपल्याकडचे असे आकडे नाहीत, पण माझे पट तेच सांगतात. सुरुवातीला एका वर्गात पाच संतोष असायचे, शेवटी तीन आराध्या म्हणजे स्टाफरूममध्ये चर्चेचा विषय. सोसायटीत दोन इरा आहेत म्हणून तुझी तिसरी त्यांच्याच वर्गात त्याच बाकावर बसेल, असं नाही.

आणि बसलीच तर? सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींचा नामकरण सोहळा झाला. त्या सगळ्या 'नकुशी' होत्या. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून नको असलेली, हेच त्यांचं नाव. स्वतःचं नाव स्वतः निवडायची संधी फार थोड्यांना मिळते, त्यांना ती मिळाली. आणि त्यातल्या काहींनी निवडलं काय? ऐश्वर्या, वैशाली. ज्या नावांच्या दहा मुली गावात असतात, तसली. एकटं पडणाऱ्या नावाचा अनुभव त्यांच्याइतका कुणाला असणार? चार पूजा नकोत हे तुझं दुखणं आहे, बाळाचं असेलच असं नाही. पहिलीतली मुलं नाव सांगताना 'काय? पुन्हा सांग' ऐकून कशी कानकोंडी होतात, ते मी दर जून महिन्यात पाहिलं आहे.

आता करायचं काय. शीट राहू दे, तिच्यातला 'येत्या सात वर्षांतली लोकप्रियता' हा रकाना तेवढा काढून टाका. त्या जागी एकच प्रश्न घाला: वर्गात याच नावाची आणखी दोन मुलं निघाली तरी हे नाव आपल्याला आवडेल का? माझा अनुभव सांगतो, दोनशे चौदातली दोनशे इथेच गळतील. उरतील त्या नावांनी दोन दिवस एकमेकांना हाका मारा. खरंच मारा. एकानं स्वयंपाकघरातून, दुसऱ्यानं गॅलरीतून. गॅसच्या एजन्सीत फोनवरून सांगायचं आहे असं समजून एकदा सांगून बघा. घरात त्याचं काय होईल तेही बघा, कारण 'अद्विका'ची आठ दिवसांत 'अदू' होते आणि पुढची साठ वर्षं ती अदूच असते. अर्थ बघायचा तर नावांच्या संकेतस्थळांवर बघू नकोस. तिथे प्रत्येक नावाचा अर्थ 'विष्णूचा अंश' किंवा 'सुंदर' असतो. आपट्यांचा संस्कृत कोश घे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघ. तिथे नाव सापडलं नाही तर ठेवू नये असं नाही, पण मग 'आवाज आवडला म्हणून ठेवलं' असं सरळ सांगावं. वेगळेपणासाठी स्पेलिंगमध्ये जादा ए आणि वाय घालू नका. हजेरी घेताना पाच स्पेलिंगांच्या पाच आर्या मला एकसारख्याच ऐकू यायच्या, आणि पुढे आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं झालं की निस्तरताना नाकी नऊ येतात.

नाव पूर्ण लिहून बघायला विसरू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव आपल्या राज्यात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायचं आहे. म्हणजे यमुना असो, इरा असो की कियांशी, पुढचा शब्द पूजा असणार आहे. त्याला लागून काय छान वाटतं ते बघ.

घाईही करू नका. मुलगा की मुलगी हे आपल्याकडे आधी कळत नाही, कळूही नये, म्हणून दोन याद्या तयार असल्या की पुरे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती बाळाच्या नावाशिवायही होते. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. दवाखान्यातून निघताना फॉर्म समोर आला म्हणून काहीतरी लिहून मोकळं होऊ नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्मदाखल्याला शाळाप्रवेशापासून सगळीकडे वजन आलं आहे, तिथलं नाव मागाहून बदलणं कटकटीचं.

राहिली नणंद. तिचा मान तिला दे. पाळण्यात एकच नाव सांगायचं असं आपल्याकडे कधीच नव्हतं. नक्षत्राच्या चरणावरून नावरस नाव निघतं. हस्ताच्या शेवटच्या चरणांत जन्मलं तर ण आणि ठ वाट्याला येतात, तेव्हा ते पत्रिकेत ठेवून लोक दुसरं नाव कागदावर घालतातच. बारशाला आत्यानं कानात कुर्रर्र करून कियांशी म्हणू दे. त्या दिवशी घुगऱ्या खाणाऱ्यांपैकी महिन्याभरानं ते कुणाला आठवतं? दाखल्यावर काय जाईल ते तुम्ही दोघांनी आधी ठरवलेलं असावं आणि नणंदेला ते बारशाआधी, प्रेमानं, नवऱ्यानं सांगावं. तू नव्हे.

एक काम मात्र या आठवड्यात कर. सासूबाईंना विचार, त्यांच्या आईला घरात काय म्हणायचे. यमुना असं पूर्ण नाव घेऊन कुणी हाक मारत नसणार. यमू म्हणायचे, की यमी, की ताई, की आणखी काही, आणि कोण म्हणायचं. त्या काय सांगतात ते मला कळव.